दात पाहणाऱ्या आपा

पहिल्या भेटीत आपांनी मला नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही. हनुवटी धरली, "आ कर" म्हणाल्या आणि उजव्या हाताचं बोट सरळ माझ्या शेवटच्या दाढेपर्यंत नेलं. मी खोली बघायला गेले होते. जनावरांच्या दवाखान्यात नुकतीच डॉक्टर म्हणून रुजू झालेली, सांगलीकडची, अहिराणीचा एक शब्द न कळणारी मी. आणि समोर ही सत्तरी ओलांडलेली, पांढऱ्या ओढणीतली, लोहाराच्या मनगटांची बाई. सोबत आलेला आमचा शिपाई तोंड फिरवून हसू दाबत होता.

"अक्कलदाढ निंघनी नही आजून," बोट ओढणीला पुसत आपा त्याला म्हणाल्या. "पंचवीसना आत शे. ऱ्हाऊ दे तिले."

मी तेव्हा साडेचोवीस वर्षांची होते. म्हसावदच्या त्या घरातली रस्त्याकडची खोली मला अशी मिळाली.

आपांचे वडील नालबंद होते, घोड्यांना नाल ठोकणारे. भाऊ नव्हता, आई लवकर गेली, म्हणून घोड्याचा पाय मांडीवर धरून बसायचं काम दहाव्या वर्षापासून आपांकडे आलं. पुढे अब्बांचे हात थरथरू लागले तेव्हा हातोडाही त्यांच्याकडे आला. लग्न झालं होतं. नवरा सुरतेला गिरणीत लागला आणि तिकडचाच झाला. घोडा मेला तर आपा "मेला" म्हणत नसत, "बसला" म्हणत. मी एकदा बिचकत विचारलं, "आपा, तुमचे मिस्टर वारले का?"

"बसना नही," त्या म्हणाल्या. "पळी गया." आणि भाकरी उलटली. त्या विषयावर मला मिळालेली माहिती एवढीच.

माणसांशी त्या अहिराणी बोलत, घोड्यांशी मात्र हिंदी. अंगणात कुणाची घोडी आली की आवाज एकदम मऊ व्हायचा. "आओ बेटा, पाँव दो, शाबास." मी कारण विचारलं तर म्हणाल्या, "घोडा पाहुना शे. काठेवाडथून येस, मारवाडथून येस. पाहुनासंगे घरनी बोली बोलतस का?" माझ्याशी अहिराणीच बोलायच्या. मला समजत नाही अशी तक्रार केली की तेच वाक्य पुन्हा, फक्त मोठ्याने. तीन महिन्यांत मला सगळं समजायला लागलं.

दातांवर त्यांचा असा काही विश्वास होता की बस. त्यांचं एक बोलणं साऱ्या बाजारात ठाऊक होतं: "मानूस तोंड उघाडस तव्हय खोटं बोलस, घोडा तोंड उघाडस तव्हय खरं." पण माणसाचे दातही त्या सोडत नसत. शेजारच्या शिंप्याच्या मुलीला सुरतेकडचं एक स्थळ आलं. मुलगा अठ्ठावीसचा, असं मध्यस्थ सांगत होता. पाहुणे ओसरीवर बसले, आपा सरबत घेऊन गेल्या. काहीतरी गमतीचं बोलल्या, नवरा मुलगा खळखळून हसला. आपा ट्रे घेऊन परत आल्या आणि शिंप्याच्या बायकोला सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "हाई शिंगरू नही व. घोडा शे. चाळीसले टेकेल शे." पाहुणे चहा न घेता उठले. शिंपी चार दिवस आपांशी बोलला नाही. पाचव्या दिवशी कुठूनसा त्या मुलाचा शाळेचा दाखला हाती लागला, वय चाळीसच निघालं, आणि शिंपी पेढे घेऊन आला.

आणि दुसरं म्हणजे शर्यत. आपांना साल, तारीख, महिना असं काही नव्हतंच. त्यांच्याकडे होती ती शिंगरांची शर्यत. गावात वीज कधी आली? "काळी पंचकल्यानी जिंकनी ना, तव्हय." मोठा पूर कधी आला? "अबलखना सालले." शेजारच्या म्हातारबांना वयाचा पुरावा हवा होता. ते आपांकडे येऊन बसले आणि आपांनी बोटं मोजत मागे मागे जात, एकेका घोड्यावरून उडी मारत, त्यांचं जन्मसाल काढून दिलं. म्हातारबांच्या आईने त्या शर्यतीच्या दिवशी कळा सुरू झाल्याचं अब्बांना स्वतः सांगितलं होतं म्हणे. मी रुजू झाले ते वर्ष आपांच्या लेखी "लाल घोडीनं साल" होतं. माझ्या लग्नाचा विषय निघाला की म्हणायच्या, "आते आजून दोन घोडा जिंकू दे, मंग करजो."

शर्यत साधी होती. मार्गशीर्षात सारंगखेड्याची घोड्यांची यात्रा भरते. ती उठली की घरी परतणारे घोडेवाले वाटेत आमच्या भागात थांबायचे. म्हसावदच्या वेशीबाहेर, कालव्यापासून कापसाच्या जुन्या जिनिंगच्या भिंतीपर्यंत सरळ, सपाट पट्टा आहे. ना वळण, ना उडी. तिथे जातिवंत शिंगरं पळवायची. पैज नाही, जुगार नाही. जिंकणाऱ्याला घुंगरमाळ आणि गावातून मिरवणूक. पण एक अट कडक. शिंगरू "दोनदाती"च हवं. घोड्याचे दुधाचे दात पडून पक्के येतात; अडीच वर्षांच्या सुमाराला प्रत्येक जबड्यात मधले दोन, आणखी वर्षाने त्यांच्या शेजारचे दोन. एका जबड्यात पक्के दोन दिसले तर शिंगरू, चार दिसले तर ते घोड्यांत गेलं, बाद. हे दात पाहायचं काम आधी अब्बांचं, नंतर आपांचं.

"मोठाच घोडा का नाही पळवत?" मी विचारलं होतं.

"मोठा घोडा पळस तव्हय मालक जिंकस," त्या म्हणाल्या. "शिंगरू पळस तव्हय त्यानी माय जिंकस."

म्हणून शर्यतीच्या सकाळी त्या बैलगाडीवर उभ्या राहून आजवर जिंकलेल्यांची नावं सांगत, तेव्हा मालकाचं नाव कधीच घेत नसत. शिंगराचं नाव आणि त्याच्या आईचं नाव. "मोती, शेवंतीना. राजा, काळी मानकीना. अबलख, लंगडी राधाना." कागद नाही, वही नाही. एका गुरुजींनी ती यादी लिहून घ्यायचा प्रयत्न केला होता. त्यांना आपा म्हणाल्या, "लिखेल गोटले वाळवी लागस," आणि पुढचं नाव सांगितलंच नाही. मोठमोठे बागाईतदार डोक्यावरची टोपी हातात घेऊन ती यादी ऐकत. फक्त एका सालाशी आल्या की आपा नाव घेत नसत. "त्या सालले शर्यत व्हयनी," शर्यत झाली, एवढंच म्हणायच्या आणि पुढे जायच्या. पहिल्या वर्षी मला वाटलं, विसरल्या असतील. पण आपा विसरतील हे पटेना.

मी राहायला गेले तेव्हा त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकत आला होता. दुसऱ्या वर्षी त्यांना माणूस सावलीसारखा दिसू लागला. मी शस्त्रक्रियेचं बोलले की त्या उडवून लावत. "घोडाना तोंडमा हात घालाले डोळा लागतस का?" खरंच लागत नसत. अंगठ्याने ओठ बाजूला करायच्या, दोन बोटं आत, आणि शेतकऱ्याने विचारायच्या आत वय सांगून मोकळ्या. दवाखान्यात मी विजेरी लावून जे बघायचे ते त्या अंधारात बघायच्या.

त्या वर्षी शर्यतीच्या पंचांचे प्रमुख अण्णा दवाखान्यात आले. हातात टाइप केलेलं पत्र. बोलायला जड जात होतं त्यांना.

"डॉक्टर, यावर्षी शिंगरांचे दात तुम्ही पाहा. सरकारी माणूस असला म्हणजे बोलायला जागा राहत नाही."

"आणि आपा?"

"आपांवर आमचा अविश्वास नाही. आमच्या वडिलांपासून त्यांचं घराणं दात पाहतंय. पण आता बाहेरून लोक येतात, मोबाईलवर सगळं काढतात. आंधळी बाई तोंडात हात घालून निकाल देते म्हणून मागच्या वर्षी एकाने चेष्टा केली. आपा येतील, मानाने बसतील. काम तुम्ही करा."

मी म्हटलं, आधी आपांना विचारते. ते म्हणाले, "आम्ही आत्ता तिकडूनच आलो."

घरी आले तेव्हा आपा चुलीपुढे होत्या. माझी पावलं ओळखून मान न वळवता म्हणाल्या, "ऊनी का नवी नालबंदीण?"

मी म्हटलं, "आपा, मी नाही म्हणून सांगते."

"कसाले? तू नही देखशी ते दुसराले बलावतीन." भाकरी थापटण्याचा आवाज जरा जास्तच जोरात येत होता. दोन दिवस त्या माझ्याशी कामापुरतंच बोलल्या. तिसऱ्या दिवशी सकाळी मी निघताना म्हणाल्या, "जाय. देख. पन् घाई नको करू."

मी घाई केली.

शर्यतीच्या सकाळी सोळा शिंगरं होती. आपांना पंचांच्या मांडवात खुर्ची दिली होती. त्यांनी ती नाकारली आणि दात पाहायच्या जागेजवळ एक लाकडी स्टूल मागवून त्यावर बसल्या. मी एकेकाचा खालचा ओठ ओढून बघत होते, अण्णा नाव पुकारत होते. दोनदाती. दोनदाती. गावातल्या एका बड्या बागाईतदारांचा राखाडी घोडा होता, धुळ्याकडून आणलेला, तुकतुकीत, उंच, सगळ्यांची नजर त्याच्यावर. तोही चोख दोनदाती.

तेवढ्यात डोंगरातल्या मोलगीकडून एक जीप आली. मागे, टपावर, दोन्ही बाजूंना माणसं लटकलेली, मधे ढोल. आणि जीपच्या मागून एक तिशीचा सडपातळ माणूस एका लालसर शिंगरीला हाताने धरून चालत आला. रायसिंग त्याचं नाव. घाट उतरून दोन दिवस तो तिच्याबरोबर चालत आला होता. शिंगरीची आई सपाटीवरच्या कुणीतरी लंगडी झाली म्हणून त्याला देऊन टाकली होती. ती गाभण होती हे देणाऱ्याला माहीत नव्हतं. शिंगरीचं नाव होतं टिटवी. लांब पाय आणि सतत ओरड, म्हणून टिटवी. पायाला नाल नाही, पाठीवर खोगीर नाही, एक घोंगडी तेवढी बांधलेली.

मी ओठ ओढला. खालच्या जबड्यात पक्के चार दात. बाजूचे दोन नुकते हिरडीबाहेर आलेले, पण पक्केच.

"चार," मी म्हटलं. "बाद."

रायसिंगला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा तो हात जोडून म्हणाला, "बाई, ही लहान आहे. माझी पोरगी आणि ही एकाच होळीची. दोघींनी तीन होळ्या पाहिल्या. मागच्या पावसात ही घाटात दगडावर पडली, तोंड फुटलं, दात तुटले. म्हणून नवे लवकर आले."

"सगळ्यांचं शिंगरू दगडावरच पडतं," बागाईतदार म्हणाले. लोक हसले. जीपवरची माणसं हसली नाहीत. अण्णा माझ्याकडे बघत होते. मी कागदावर टिटवीच्या नावापुढे "बाद" लिहिलं. रायसिंगने घोंगडीची गाठ सोडायला घेतली.

"डाक्टर."

स्टुलावरून आपा बोलल्या. सकाळपासूनचा त्यांचा पहिला शब्द.

"वरला जबडा देखा का?"

मी नव्हता पाहिला. कुणीच पाहत नाही. घोड्याचा खालचा ओठ ओढला की दात आपोआप समोर येतात, म्हणून बाजारात वय खालच्या जबड्यावरूनच सांगतात. मला शिकवताना मात्र दोन्ही पाहायला शिकवलं होतं. परीक्षेत मी तसं लिहिलंही होतं. चारशे माणसांसमोर मी म्हटलं, "नाही पाहिला."

"मंग देख."

मी टिटवीचा वरचा ओठ उचलला. मधले दोन मोठे, पिवळसर, पक्के. आणि त्यांच्या दोन्ही बाजूंना बारीक, पांढरेशुभ्र, मुळाशी निमुळते दुधाचे दात. हलतसुद्धा नव्हते. खालचे दोन पडल्याने पक्के लवकर आले होते; वर, जिथे दगड लागला नव्हता, तिथे तोंड खरं वय सांगत होतं.

मी उभी राहिले. आवाज मोठा काढला. "मी चुकले. ही घोडी तीन वर्षांच्या आतली आहे. दोनदातीच आहे."

जीपवर ढोलाची एक थाप पडली आणि थांबली, कारण बागाईतदार पुढे आले होते. ते काही वाईट माणूस नव्हते, पण त्यांचं म्हणणं पक्कं होतं. "डॉक्टर, तुम्ही म्हणता ते पुस्तकात असेल. इथला नियम काय? खालचा जबडा. इतकी सालं या मैदानावर वरचा ओठ कुणी उचलला? अब्बांनी ठरवलेला नियम आहे. का हो आपा? तुमच्या अब्बांचा शब्द ना?"

अब्बांचा शब्द म्हणजे त्या मैदानावर शेवटचा शब्द. म्हातारी माणसं माना हलवू लागली. अब्बा चुकले असं कधी कुणी म्हटलं नव्हतं.

आपा स्टुलावरून उठल्या. मी हात द्यायला गेले तर तो बाजूला सारला. बैलगाडीवर चढल्या नाहीत. जिथे होत्या तिथेच, टिटवीच्या मानेवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"मन्हा अब्बाना शब्द शे," त्या म्हणाल्या. "अन् मन्हा अब्बा चुकना व्हता."



मग त्यांनी ते सांगितलं. मी त्यांचे शब्द जसेच्या तसे देऊ शकत नाही, पण सांगितलं ते असं. आपा बारा वर्षांच्या असताना शर्यतीला एका कुंभाराची शिंगरी आली होती, मैना. माती वाहणाऱ्या घोडीची पोर, पण वाऱ्यासारखी. तिच्या खालच्या जबड्यात चार दात होते. कुंभार रडून सांगत होता की मडकी भाजायच्या आव्यातलं एक मडकं फुटून तिच्या तोंडाला लागलं, दुधाचे दात पडले. अब्बांनी खालचा ओठ ओढला, चार मोजले, बाद म्हणाले. कुंभाराची गावात खोटारडा म्हणून हेटाळणी झाली. तो गाव सोडून गेला. शर्यत झाली, कुणीतरी जिंकलं. पुढच्या वर्षी तीच मैना दुसऱ्या मालकाकडून नाल ठोकायला अब्बांकडे आली. पाय आपांच्या मांडीवर होता. अब्बांनी सहज म्हणून तिचं तोंड उघडलं आणि वरचा ओठ उचलला. वरचे दुधाचे दात तेव्हा, त्या दिवशी, पडत होते.

"अब्बा खाले बसना," आपा म्हणाल्या. "हातोडा बाजूले ठेया. माले बोलना, बेटी, मी एक घोडी मारी टाकी, अन् एक मानूस. मंग बोलना, कोन्हले सांगू नको. मी सांगं नही. साठ साल व्हई गयात." त्या थांबल्या. "त्या सालनं नाव मी लेस नही, तुम्हले बठ्ठासले मालूम शे. जो जिंकना त्यानी चूक नही. पन् जी पळनार व्हती तिले पळू दिधं नही. आज हाई घोडी गयी, ते दोन व्हतीन. मन्हा अब्बाना नाववर दोन घोड्या मी चढू देवाव नही."

बाप चुकला हे त्यांनी बापाच्या मैदानावर सांगितलं, आणि सांगताना त्यांचा आवाज चढला नाही की फुटला नाही. रायसिंगला अहिराणी पूर्ण कळत नसावी. पण तो गाठ सोडायचा थांबला होता. पुढे उभे असलेले एक म्हातारे गृहस्थ डोळे पुसत होते.

अण्णा काही बोलायच्या आत बागाईतदारांनी डोक्यावरची टोपी काढली. "पळू द्या तिला," ते म्हणाले. "पण माझ्या घोड्याच्या शेजारीच उभी करा. हरलो तर नीट हरेन."

मी कागदावरचं "बाद" खोडलं. इतकं जोरात, की कागद फाटला.

सतरा शिंगरं कालव्याशी गेली. आम्ही जिनिंगच्या भिंतीशी, शेवटच्या रेघेजवळ. आपांनी माझं मनगट धरलं होतं, आणि नालबंदाची पकड काय असते ते मला त्या दिवशी कळलं. मी सांगायला लागले, "आपा, रांग लागली. अण्णांच्या पुतण्याने रुमाल उचलला. सुटले! आपा, टिटवी उभीच आहे. ती निघालीच नाही!"

टिटवीने आयुष्यात इतकी गर्दी पाहिली नव्हती. बाकीची सोळा पंचवीस-तीस हात पुढे गेली तरी ती कान टवकारून तिथेच. रायसिंग तिच्या मानेवर वाकला. त्याने चाबूक आणलाच नव्हता. कानात काय बोलला ते तोच जाणे. मग ती निघाली, पण तोवर पुढच्यांच्या टापांनी एवढी धूळ उठली की मला काहीच दिसेना.

"काय दिसस?" आपांनी विचारलं.

"धूळ."

"मंग गप बस."

त्यांनी मान एका बाजूला कलती केली. जमीन धडधडू लागली होती. मला तो एकच गलबला वाटत होता. आपांना नव्हता. आयुष्यभर त्यांनी खुरांवर लोखंड ठोकलं होतं. लोखंडाचा आवाज कुठला आणि उघड्या खुराचा कुठला, हे त्यांना सांगावं लागत नव्हतं.

"नालवाला बठ्ठा पुढे," त्या पुटपुटल्या. "ती मागे शे. मऊ वाजी ऱ्हायनं... आते दोन मागे टाकात. आजून एक... मधमा ऊनी... ये बेटा, ये, ये..." मनगटावरची बोटं रुतली. आणि समोर अजून नुसती धुळीची भिंत असताना, एकाही माणसाला काही दिसलेलं नसताना, आपा ओरडल्या, "बिननालनी पुढे शे! बिननालनी पुढे शे!"

लोक त्यांच्याकडे वळून बघायला लागले. त्याच क्षणी धुळीतून दोन डोकी बाहेर आली. एक राखाडी, एक लालसर. राखाडी घोडा सुंदर पळत होता, त्याच्यात काही खोट नव्हती. पण टिटवी पळत नव्हतीच, ती घाट उतरत असल्यासारखी येत होती, मान लांब, कान मागे, आणि तिच्या पाठीवर रायसिंग घोंगडीसारखा चिकटलेला. रेघ त्यांनी ओलांडली तेव्हा ती मानभर पुढे होती. चार पंच वेगवेगळ्या बाजूंनी बघत होते. चौघांनीही टिटवीच्याच बाजूचा हात वर केला.

मी आपांना मिठी मारली. त्या इतक्या जोरात हसत होत्या की डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "जलमभर नाला ठोक्यात मी," त्या म्हणत होत्या, "जलमभर! अन् जिंकनी कोन? बिननालनी!"

मोलगीची माणसं जीपवरून उड्या मारून खाली आली. ढोल सुरू झाला तो थांबेना. बागाईतदारांनी स्वतः घुंगरमाळ उचलून टिटवीच्या गळ्यात घातली आणि रायसिंगच्या पाठीवर थाप दिली. रायसिंगने आपांना वाकून नमस्कार केला आणि आपल्या डोंगरातल्या पावरी बोलीत काहीतरी बोलला. आपांना ती बोली येत नव्हती. त्यांनी त्याला हिंदीत उत्तर दिलं, जसं त्या घोड्यांना द्यायच्या. "शाबास बेटा, शाबास." एरवी पाहुण्यांसाठी राखलेली बोली ती.

मिरवणुकीच्या वेळी आपा दरवर्षी घराच्या ओट्यावर बसून घुंगरमाळेचा आवाज ऐकायच्या. त्या दिवशी त्या टिटवीची आयाळ धरून सगळ्यांच्या पुढे चालल्या. बाजारपेठेतले किराणा-कापडाचे दुकानदार, मशिदीजवळची माणसं, माझा शिंपी शेजारी, सगळे पायऱ्यांवर उभे. चौकात आल्यावर त्या थांबल्या. ढोल थांबवायला लावला. आणि त्या वर्षीचं नाव, दरवर्षी पुढच्या शर्यतीपर्यंत राखून ठेवायचं ते, तिथेच रस्त्यावर घेतलं. "टिटवी. लंगडी माय व्हती तिनी." मग जरा दम खाऊन, साठ वर्षं न घेतलेलं दुसरंही घेतलं. "अन् मैना, कुंभारनी."

संध्याकाळी अण्णा आले, सोबत दोन पंच, नारळ आणि शेला. आपा चहा पीत होत्या. त्यांनी अण्णांना ओट्यावर बसवलं आणि बशीतला चहा संपेपर्यंत बसवूनच ठेवलं. मी दारात उभी होते. सकाळपासून मनात एकच गोष्ट घोळत होती: पुढच्या वर्षी मी काही त्या जागेवर जाणार नाही, हे अण्णांना आपांच्या देखतच सांगून टाकायचं.

"आपा," अण्णा शेवटी म्हणाले, "आमनं चुकनं. सांग तू, पुढला सालले दात कोन देखी?"

मी तोंड उघडणार तेवढ्यात आपांनी हात वर केला.

"खालला जबडा डाक्टर देखी," त्या म्हणाल्या. "तिनं चुकनं, चुकनं अशी चारशे मानसंस्मा बोलनी. असं मानूस सापडतस का? वरला मी देखसू. मन्हा हात शेतस तथलोंग." मग त्यांनी बशी खाली ठेवली, शेला मांडीवर घेतला, त्याचा पोत बोटांनी तपासला आणि अण्णांच्या दिशेने मान वळवली.

"अन् नियम आते कागदवर लिख. लागू दे वाळवी. दोन्ही जबडा, असं लिख."